सखुवैनींची खरेदी

चेक देशातल्या दुकानात शिरलं की आधी ‘दोब्री देन’ म्हणायचं. म्हणजे नमस्कार. न म्हणता आत घुसलं तर तिथल्या बाया तोंड फिरवतात म्हणे. तुला हे कसं ठाऊक, असं कुणी विचारलं की मी बिनधास्त सांगते, मी त्या देशात दुकान चालवलंय. चांगलं महिनाभर चालवलं, देशमुखांच्या ओसरीवर.

मी हलीमा. आम्ही मणियार, बांगड्या भरणारे. बाजाराच्या दिवशी गोरेगावात माझा आणि माझ्या नवऱ्याचा, महेबूबचा, कापडी छपराचा पाल असतो, बाकीचे दिवस मी टोपली घेऊन घरोघर फिरते. माझ्या जिभेला हाड नाही असं महेबूब म्हणतात. म्हणू देत. मुक्या बाईकडून बांगड्या कोण घेतं?

सखुवैनी म्हणजे तातेराव देशमुखांच्या घरच्या. लग्न होऊन त्या ह्या गावात आल्या तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, देशमुखांच्या सुना बाजारात पाय ठेवत नाहीत. मग किराणा मालक, म्हणजे तातेराव, आणायचे, भाजी गडी आणायचा, दिवाळीला दुकानदार साड्यांचा गठ्ठा घरी पसंतीला पाठवायचा. वैनी त्यातली सगळ्यात वरची साडी उचलायच्या आणि बाकीचा गठ्ठा परत पाठवायच्या. सासू जाऊन वर्षं झाली. भावकीतल्या बाकी सुना आता स्कूटीवर बसून हिंगोलीला जातात, शोरूममध्ये आरशासमोर उभ्या राहतात. सखुवैनी मात्र घरातच राहिल्या. त्यांना कुणी जा म्हणालं नाही, आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही.

बांगड्यांचंही तसंच. मी टोपली उघडली की त्या हात पुढं करायच्या आणि म्हणायच्या, “हलीमाबी, तुमच्या मनानं घाला.” मी हिरव्या घालायचे. सवाष्णीच्या हातात हिरवा रंग शोभतो म्हणून कायम हिरव्याच. एवढी वर्षं त्या मनगटात बांगड्या सरकवल्या, पण त्या बाईला कुठला रंग आवडतो ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांना एकच लेक, पुनम. नांदेडला इंजिनिअर झाली, लग्न करून नवऱ्यामागं चेक देशात गेली. मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे आपल्याकडं कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पण डॉक्टरनं तिला प्रवास बंद केला, पुढं तर पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. जावई कारखान्यात, त्यांची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. लेकीला येता येईना, म्हणजे आईनं जायला हवं. आणि तिथं आईनं नुसता स्वयंपाक करून भागणार नव्हतं. दूध, भाजी, पाव, सगळं इमारतीखालच्या दुकानातून जाऊन आणावं लागणार होतं.

म्हणून पुनम रोज फोनवर तिथल्या बोलीतलं एकेक वाक्य बोलून पाठवायची. एके दिवशी मी नेमकी टोपली घेऊन ओसरीवर होते. वैनी फोन कानाला लावून पुटपुटत होत्या. मला वाटलं, कसलं स्तोत्र पाठ करून राहिल्या.

“कोलिक तो स्तोयी,” त्या म्हणाल्या. “म्हंजी, केवढ्याला हाय.”

“भिंतीला काहून विचारून राहिल्या?” मी म्हणाले. “मला विचारा. मी दुकानदारीण हाय का न्हाई?”

असं आमचं दुकान सुरू झालं. मी टोपलीमागं मांडी घालून बसायचे, वैनी घरात जाऊन उंबरा ओलांडून बाहेर यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी ‘दोब्री देन’ फरशीला म्हटलं. मी म्हणाले, फरशी दूध विकत न्हाई, माझ्याकडं बघा. दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यापर्यंत पोचल्या. आठवडाभरानं डोळ्यात बघून म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून पोरीसारख्या हसल्या.

वाक्यं थोडीच होती, पण क्रम पक्का. त्यांनी नमस्कार घालायचा. मी ‘प्रोसीम’ म्हणायचं, म्हणजे बोला, काय पाहिजे. मग त्यांनी ‘ख्त्येला बिख म्लेको’, मला दूध हवं होतं. मग भाव विचारायचा. मग मी विचारायचं, ‘येश्त्ये न्येत्सो?’ आणखी काही? त्यावर त्यांनी ‘तो ये फ्शेख्नो’, एवढंच. द्येकुयी, आभार, आणि चालू पडायचं. तिथं भाव करत नाहीत म्हणे. मला तर रागच आला. घासाघीस करायची नाही तर बाई दुकानात जाते कशाला, नुसत्या वस्तू आणायला?

सगळ्यात जड गेलं ते ‘ख्त्येला बिख’. उच्चार जमत नव्हता असं नाही. ‘मला हवं होतं’ म्हणताना वैनी थबकायच्या. आयुष्यात त्या बाईनं ‘घरात साखर नाही’ म्हटलेलं मी ऐकलं होतं, ‘पाहुण्यांना चहा पाहिजे’ म्हटलेलं ऐकलं होतं. ‘मला पाहिजे’ कधी ऐकलं नव्हतं.

मग एक दिवस पुनमनं रंग पाठवले. दूध निळ्या खोक्यातलं घ्यायचं, हिरव्यातलं पातळ असतं म्हणून. त्या दिवशी वैनी उंबरा ओलांडून आल्या, माझ्या टोपलीकडं बघितलं आणि एका दमात म्हणाल्या, “ख्त्येला बिख मोद्रे.”

मला वाटलं, दूध मागून राहिल्या. पण त्यांचं बोट बांगड्यांवर होतं. कडेच्या निळ्या बांगड्यांवर.

“निळ्या?” मी विचारलं. “तुमाला निळ्या आवडतात?”

“व्हय.”

“कदीपासून?”

“पयल्यापासून.”

“मग बोलल्या का न्हाई येवढ्या वर्षांत?”

“तुमी इचारलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. मग माझं तोंड पडलेलं बघून घाईनं म्हणाल्या, “हिरव्या बी चांगल्याच हायेत, हलीमाबी.”

मी निळ्या काढायला लागले तर त्यांनी हात मागं घेतला. म्हणाल्या, आज नको. एकदा मी बराबर दुकानात जाऊन घेईन.

मालक आत पेपर वाचत बसायचे, पण त्यांचे कान बाहेर असायचे हे मला माहीत होतं. तातेराव देशमुख माणूस वाईट नाही. उलट बायकोला कधी अगंतुगं केलं नाही, उन्हात उभं केलं नाही. मला एकदा म्हणाले, “आमच्या घरच्यांनी परमुलखात पिशवी धरून हिंडायचं, हे मनाला पटत न्हाई.” मी म्हणाले, “मालक, लेकीची पिशवी हाय.” त्यांनी पेपराचं पान उलटलं.

इकडं जावयाची आई नाशिकला जायच्या तयारीत होती. त्या शाळेत मास्तरीण होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या, दोनदा सिंगापूरला जाऊन आलेल्या. पुनमचं घर एका खोलीचं, तिथं एकीलाच राहता येणार होतं. दिवाळी झाल्यावर पुनमचा फोन आला. मी तिथंच होते, फोन मोठ्यानं लावलेला होता.

“आई, मला तूच पायजे,” ती म्हणाली, “पण मला भेव वाटतं. तू हितं येऊन घरातच बसलीस तर माझ्या अंगावर दोन लेकरं होतील. एक काम कर. गोरेगावच्या बाजारात एकटी जाऊन ये. किराणा घे, भाजी घे, आन् तुझ्या आवडीचं काही तरी एक घे. तू मागायचं, तू भाव करायचा, पैशे तू द्यायचे. तेवढं केलंस तर मी उद्याच तुझं तिकीट काढते.”

वैनींनी आत बघितलं. मालकांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

“जाऊन येतील,” मालक म्हणाले.

त्या क्षणी मला त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की मी त्यांना मनातल्या मनात दुवा दिली. नंतर ती मनातल्या मनात परतही घेतली.

बाजाराच्या दिवशी मी लवकर पाल मांडला. निळ्या बांगड्या सगळ्यात पुढं ठेवल्या. वैनी जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पदर होता, हातात कापडी पिशवी, आणि पैशांचा बटवा मुठीत आवळलेला. घाबरलेल्या होत्या, पण चाल बरोबर होती. समोरच रतनसिंगचं किराणा दुकान. त्या पायरी चढल्या आणि मी इकडं मान लांब करून बसले.

रतनसिंग गल्ल्यावरून उठला. त्यानं हात जोडले, खुर्ची पुसली, चहा सांगितला. वैनी काही बोलायच्या आत नोकरानं बांधून ठेवलेली पिशवी आणून समोर ठेवली. डाळ, गूळ, खोबरं, सगळं आधीच मोजून ठेवलेलं. वैनींनी काही विचारलं असावं, कारण रतनसिंग कान धरून म्हणाला ते मला इथवर ऐकू आलं, “पैशे? वैनीसाब, काहून लाजवता? मालक काल येऊन सांगून गेले.”

मग त्या जळबाच्या भाजीकडं गेल्या. जळबा म्हणजे आख्ख्या बाजारात सगळ्यात भांडखोर. एका वांग्यासाठी गिऱ्हाइकाची आई काढणारा माणूस. तो उठून उभा राहिला, आणि न विचारता त्यानं पिशवी भरली. वर कोथिंबीर ठेवली. पैसे पुढं केले तर मागं सरला. त्यालाही मालक सांगून गेले होते. ‘उद्या आमच्या घरचे येतील, त्यांना तकलीफ देऊ नका.’ आदल्या संध्याकाळी मोटरसायकलवरून सगळ्या दुकानदारांना गाठून एवढंच सांगून गेले होते.

मला कुणी सांगितलं नव्हतं. पालावरच्या बांगडीवालीला दुकानदारात धरत नाहीत.

वैनी माझ्यासमोर आल्या तेव्हा पिशवी जड झाली होती आणि बटवा तसाच मुठीत होता. मी हळूच म्हणाले, “दोब्री देन.” त्यांनी ओठ हलवले. तोवर चार बाया जमल्या होत्या. एक म्हणाली, “आगं बया, देशमुखीणबाई! बाजारात?” दुसरीनं वाकून पाया पडायला सुरुवात केली. वैनींनी निळ्या बांगड्यांकडं बघितलं. मी वाट बघत होते. नुसतं ‘केवढ्याला’ एवढं विचारलं असतं तरी मी असा काही भाव सांगितला असता की त्यांना भांडावंच लागलं असतं. पण त्यांच्या तोंडून शब्द निघेना.

“मोद्रे?” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बाया बघत राहिल्या. मीच बांगड्या उचलून पुढं केल्या तर म्हणाल्या, “असं नको, हलीमाबी. हे बी तसंच झालं.”

मी पाल महेबूबवर सोडला आणि त्यांच्यासोबत जीपमध्ये बसले. वाटभर तुरीला फुलं आली होती, पण त्यांचं लक्ष मांडीवरच्या पिशवीवर होतं. मी म्हणाले, “पुनमला सांगू, घेतलं म्हणून. सामान तर दिसून राहिलं ना. कोण बघायला आलंय?”

“आन् तिथं दूध कोण घेऊन देईल? रतनसिंग?”

“तिथं तुमाला जमलं असतं.”

“जमलं असतं,” वैनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तिथं मला कोण वळखतंय, हलीमाबी? तिथं मी कुणाची कोणी न्हाई. तिथं मी आत गेले असते, मागितलं असतं, घेऊन आले असते. हितं माझ्याआधी देशमुखीणच जाऊन बसती दुकानात.”

“मग हेच सांगा लेकीला!”

“सांगायचं तर ह्यांचं नाव घ्यावं लागतं. त्यांनी काय वाईट केलं? त्यांनी मला तकलीफ नको म्हणूनच केलं.”

ओसरीवर पाय ठेवला आणि पुनमचा फोन आला. वैनी उभ्या उभ्याच म्हणाल्या, “न्हाई जमलं, बाळा.” मग पुनम म्हणाली, “बरं, आई. राहू दे. ह्या खेपेला सासूबाई येतील. तू पुढल्या खेपेला ये.” पहिलं बाळंतपण पुढल्या खेपेला कसं येतं, हे त्या शिकलेल्या पोरीला कुणी विचारलं नाही. मला विचारायचं होतं. वैनींनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणून राहिलं.

नाशिकच्या विहीणबाई गेल्या. सातव्या महिन्याचा हिरवा चुडा मी पाठवला त्यांच्याच सोबत. पुनमच्या हाताचं माप मला पाठ आहे, तिच्या लहानपणापासून. कापसात गुंडाळून दिला. तो वैनींच्या बॅगेतून जायचा होता.

थंडीत पुनमला मुलगी झाली. फोनवर बाळ दाखवलं तेव्हा वैनींनी मोबाईलवरून बोट फिरवलं आणि चित्र सरकून गेलं, ते परत आणायला पुनमलाच फोन करावा लागला. नंतर विहीणबाई पडद्यावर आल्या आणि तक्रार सांगू लागल्या. इथली दुकानातली बाई फार उर्मट, बोलतच नाही, सामान आपटते.

“आत शिरताना दोब्री देन म्हणता का?” वैनींनी विचारलं.

“मी हॅलो म्हणते की.”

“हॅलो न्हाई. दोब्री देन. आन् निघताना द्येकुयी म्हणा. मग ती बोलंल.”

मागून पुनमचा आवाज आला, “आई, तुला अजून पाठ हाय?” ती हसत होती, पण मध्येच तिचं हसू थांबलं. वैनींनी फोन माझ्या हातात दिला आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा आधीच झालेला होता.

मला राहवलं नाही. मालक गोठ्याकडं होते. मी सरळ जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बाजारात काय झालं, जीपमध्ये त्या काय बोलल्या, फोनवर त्यांनी कुणाचं नाव वाचवलं.

“मी तर म्हणलं, त्यांना तकलीफ नको,” मालक म्हणाले.

“तकलीफच पायजे होती त्यांना, मालक. तीच घ्यायला गेल्या होत्या बाजारात.”

त्यांनी वैरणीची पेंढी हातातच धरून ठेवली. मला वाटलं, रागावतील, उद्यापासून दार बंद होईल. पण ते नुसते म्हणाले, “त्या मला कायीच बोलल्या न्हाईत.” मी म्हणाले, “त्या कुणालाच कायी बोलत न्हाईत.” आणि निघून आले. घरी येऊन माझाच जीव उदास झाला. खरं बोलून कुणाचं भलं झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मी मुद्दाम त्या घराकडं गेले नाही. तुरीची मळणी उरकल्यावर मालकांनीच निरोप पाठवला, टोपली घेऊन या. मी गेले तर ओसरीवर माझी जागा गेलेली. माझ्या जागेवर तातेराव देशमुख मांडी घालून बसलेले. समोर टोपलीत टमाटे, मेथीची जुडी, आणि हातात दुधाची पिशवी. वैनींचा फोन शेजारी पडलेला. पुनमनं पाठवलेले जुने आवाज ते गपचूप ऐकत होते, हे मला नंतर कळलं.

“अहो, जरा बाहेर या,” त्यांनी हाक मारली.

वैनी उंबऱ्यात आल्या. त्यांनी मालकांना बघितलं, मला बघितलं. मालक घसा खाकरून म्हणाले, “दोब्री देन.”

कसलं म्हटलं होतं! कुळाला हाक मारावी तसं. मला हसू फुटलं, वैनींनाही फुटलं. पण मालक हसले नाहीत. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. म्हणून वैनी उंबरा ओलांडून पुढं आल्या आणि त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाल्या, “दोब्री देन.”

“प्रोसीम?”

“ख्त्येला बिख म्लेको.” न थबकता म्हणाल्या.

मालकांनी दुधाची पिशवी पुढं केली. वैनींनी भाव विचारला. मालकांना आकडे येत नव्हते, त्यांनी बोटं दाखवली. वैनींनी बटवा उघडून पैसे मोजून त्यांच्या तळहातावर ठेवले आणि मालकांनी ते खरंच घेतले. मग मालकांनी फोनकडं एकदा बघितलं, आठवलं, आणि अडखळत म्हणाले, “येश्त्ये... न्येत्सो?”

आणखी काही?

उत्तर वैनींना पाठ होतं. महिनाभर माझ्यासमोर त्यांनी तेच दिलं होतं. ‘तो ये फ्शेख्नो.’ एवढंच. त्यांनी तोंड उघडलं, ‘तो ये’ म्हटलं आणि थांबल्या.

“व्हय,” मग त्या आपल्या बोलीत म्हणाल्या. “मला जायचं हुतं.”

आवाज चढलेला नव्हता. दूध मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या.

मालकांनी दुधाची पिशवी खाली ठेवली, परत उचलली, आणि पुन्हा त्यांच्यापुढं धरली. द्यायला त्यांच्याजवळ तेवढंच होतं.